दुष्काळाच्या वाटेवरची आशा

आशा हा शब्द आपल्या प्रार्थनांत इतक्या वेळा येतो की त्याचा अर्थ विचारण्याची गरज आपल्याला क्वचितच भासते. श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन सद्गुण आपण धर्मशिक्षणाच्या पहिल्या वर्गांतच तोंडपाठ केलेले असतात. परंतु ज्या भूमीकडे पावसाने पुनःपुन्हा पाठ फिरविली, त्या भूमीवर उभे राहून हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते. बीड जिल्हा ही अशीच भूमी आहे. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या या जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ भोगला, २०१२-१३ चा भोगला आणि २०१५-१६ चाही भोगला. आष्टी, पाटोदा, धारूर, केज, वडवणी या भागांतील अनेक गावे दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे अर्धीअधिक रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायको ‘एक कोयता’ म्हणून मोजले जातात आणि पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या फडांकडे निघतात. माणसाचे नाव मागे पडते आणि हातातल्या हत्याराचे नाव त्याला मिळते.

कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतही या जिल्ह्याचे नाव वारंवार येते. ऊसतोड स्त्रियांवरील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गंभीर झाला की २०१९ साली राज्य शासनाला त्यासाठी समिती नेमावी लागली. अशा माणसांसमोर श्रद्धेने कोणत्या तोंडाने बोलावे? ‘देवावर भरवसा ठेवा’ हे वाक्य सुस्थितीतील माणसाने दुःस्थितीतील माणसाला ऐकविले की ते उपदेश ठरते, आणि उपदेशाने चूल पेटत नाही. म्हणून हे उत्तर आम्ही जिने स्वतः दुष्काळ पायांखाली तुडविला अशा एका स्त्रीच्या चरित्रात शोधू इच्छितो. बीडचे कोयते ज्या ऊसपट्ट्यात उतरतात त्यात पुणे जिल्ह्यातील दौंड तालुकाही येतो, आणि त्याच तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही उभे आहे.

रमाबाई आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन पंथात झाला आणि पुढे त्यांनी कोणत्याही एका पंथाची चौकट पूर्णपणे मानली नाही. तथापि इतर ख्रिस्ती बंधुभगिनींमध्ये पवित्र आत्म्याने जे घडविले आहे त्याचा आपण आनंदाने स्वीकार करावा, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालच्या ऐक्यविषयक आदेशात दिली आहे. त्या शिकवणीचा आधार घेऊनच आम्ही हे लिहीत आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला होता. पुढे घरची संपत्ती आटली आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या विद्वान कुटुंबाजवळ ना शेत होते ना कष्टाची सवय. अन्नाचा शेवटचा कण संपल्यावर ही मंडळी मरण्याच्या निश्चयाने अरण्यात शिरली. अकरा दिवस झाडपाला आणि रानटी खजूर यांवर काढल्यानंतर वृद्ध पित्याने पवित्र तळ्यात देह टाकण्याचे ठरविले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि आपण मोलमजुरी करू, असे म्हणाला. पुराणिक ब्राह्मणाच्या मुलाने हे म्हणणे त्या काळी मरणाहून सोपे नव्हते.

पिता तरीही वाचला नाही. उरलेली माणसे चालत निजामाच्या राज्यातील रायचूरला आली. बीडही तेव्हा त्याच राज्यात होते आणि १९४८ पर्यंत राहिले. रायचूरला आई गेली. तिच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, म्हणून रमाबाई स्वतः खांदेकरी झाल्या, आणि उंची कमी असल्यामुळे तिरडीचा भार त्यांनी डोक्यावर वाहिला. पुढे बहीणही पटकीने गेली. भाऊबहीण उत्तरेकडे चालत राहिले. पंजाबात झेलम नदीच्या काठी, कडाक्याच्या थंडीत, अंगावर पांघरूण नसल्यामुळे दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली. त्या खड्ड्यांचा आकार थडग्यासारखा होता, हे रमाबाई पुढे विसरल्या नाहीत.

१८७८ साली कलकत्त्याने या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु दैवाचे घाव थांबले नव्हते. १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीची भिंत ओलांडून विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये तेही पटकीने गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, दहा महिन्यांची मनोरमा कडेवर घेऊन, ही विधवा पुण्यास आली. माहेर उरले नव्हते, सासर तर कधी नव्हतेच. आज आपण ज्याला नैराश्य म्हणतो त्याला लागणारे सारे साहित्य तिच्या आयुष्यात साठले होते.

येथे वाचकाला वाटेल की आता ख्रिस्ताची भेट होईल आणि सारे अश्रू पुसले जातील. इतिहास मात्र इतका सरळ चालत नाही. १८८३ साली रमाबाई वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने परदेशातील त्या मानसिक कोंडीत आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह स्नानसंस्कार घेतला. त्याआधी त्यांनी फुलहॅम येथे त्याच भगिनींचे एक सेवाकार्य पाहिले होते. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळले जाई. हे कशासाठी, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर एकटी आलेली, लोकांनी नाव ठेवलेली ती बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा प्रभू येशू, हे चित्र रमाबाईंच्या मनात ठसले.

तरीही शांती आली नाही. धर्मभगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्यात नवख्रिस्ती स्त्रीचा आज्ञाधारकपणा थोडा आणि पंडितेचे प्रश्न फार आहेत. धर्माधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून मानावे, हे त्यांना पटत नव्हते. स्नानसंस्कारानंतर सुमारे आठ वर्षे गेल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. स्वतःच्या पात्रतेचा हिशेब सोडून केवळ त्याच्या कृपेवर विसंबणे त्यांना त्या वेळी साधले. आपल्या साक्षीत त्यांनी हे स्वतःच नोंदविले आहे. जन्मभर ज्ञानाच्या बळावर चाललेल्या स्त्रीला हे शरण जाणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांना ‘पोटासाठी बाटले’ असे आपल्याकडे फार हिणवले गेले, आणि मराठवाडा-नगर भागातील अनेक गरीब ख्रिस्ती कुटुंबांनी हा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या सोसला. भुकेल्याने अन्न देणाऱ्याच्या देवाविषयी चौकशी करावी, यात लाजण्यासारखे काय आहे, हे आम्हांला कधीच कळले नाही. रमाबाईंचे चरित्र या टोमण्याला आणखी एक उत्तर देते. त्यांना भुकेने ख्रिस्ताकडे आणले नाही. ख्रिस्त भेटला तेव्हा पदव्या, कीर्ती आणि मित्र हे सारे जवळ होते, आणि त्याच्यामुळे त्यातले पुष्कळ गेले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढे ते पुण्यास आले. तेथील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, या कारणावरून १८९३ साली वादळ उठले. सल्लागार मंडळातील रानडे-भांडारकरांसारखे मोठे लोक दूर झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. श्रद्धेने त्यांची वाट सुकर केली असे कोणी म्हणू नये.

मग श्रद्धेने केले तरी काय? याचे उत्तर १८९६-९७ मध्ये मिळते. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या वेळी रमाबाई सुरक्षित होत्या. संस्था होती, अमेरिकेतून मदत येत होती, लेक शिकत होती. ज्या आठवणीपासून माणूस आयुष्यभर पळतो तीच आठवण त्यांना उठवून घेऊन गेली. त्या दुष्काळी मुलखात शिरल्या, रस्त्याकडेला पडलेल्या आणि दलालांच्या हाती लागू पाहणाऱ्या मुली त्यांनी उचलल्या. त्याच वर्षी आपल्या घरच्या दुष्काळाची हकीकतही त्यांनी लिहून काढली. पुण्यात प्लेग पसरला होता, म्हणून मुलींना केडगावच्या माळावर तंबूत ठेवले. १८९८ मध्ये तेथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, घाणा फिरविला, छापखाना घातला. अंध मुलींनाही शिकविले.

आमच्या मते रमाबाईंच्या आशेचे मर्म येथे आहे. त्यांचे आईवडील परत आले नाहीत, दुःखाचे कारणही कोणी समजावून दिले नाही. त्यांना मिळाले ते ज्या वाटेवर आपण कोसळलो त्याच वाटेने दुसऱ्यासाठी पुन्हा चालण्याचे बळ. आईची तिरडी डोक्यावर वाहणारी मुलगी दोन हजार जणींची आई झाली. आपला प्रभूही पुनरुत्थानानंतर शिष्यांना भेटला तो हातांवरील खिळ्यांच्या खुणांसह भेटला. त्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या. त्यांवरूनच तर शिष्यांनी त्याला ओळखले.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आशेवर जे परिपत्रक काढले त्याच्या आरंभीच त्यांनी सुदानच्या संत जोसेफीन बखिता यांचे उदाहरण दिले आहे. लहानपणी पळवून नेलेली, गुलाम म्हणून पुनःपुन्हा विकली गेलेली ही मुलगी इटलीत ख्रिस्ताला भेटली, १८९० मध्ये तिचा स्नानसंस्कार झाला आणि पुढे ती धर्मभगिनी झाली. आपल्याला लाभलेली आशा आपल्यापुरती ठेवता येणार नाही, असे तिला वाटले. रमाबाई आणि बखिता एकमेकींना ठाऊक नव्हत्या, पण दोघींचा अनुभव एकच भाषा बोलतो. २०२५ चे ज्युबिली वर्ष पोप फ्रान्सिस यांनी ‘आशेचे यात्रेकरू’ या सूत्राखाली घोषित केले होते. यात्रेकरू म्हणजे चालणारा. बसल्या जागी आशा बाळगता येत नाही, हेच त्यातून सुचविलेले होते.

रमाबाईंच्या अखेरीलाही घाव चुकला नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली आणि नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी शेवटपर्यंत केले. १९२४ मध्ये ते केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणारे हात मुक्तीतल्या स्त्रियांचे होते.

बीड जिल्हा आज औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. १९७७ साली स्थापन झालेल्या या धर्मप्रांताच्या मागे घोगरगावसारख्या जुन्या मिशन केंद्रांतील धर्मगुरूंचे दुष्काळाशी झुंजलेले आयुष्य आहे. आपल्यापैकी पुष्कळांची घरे त्या जिल्ह्यापासून दूर आहेत, पण हंगामात उसाच्या फडाजवळ उभ्या राहिलेल्या कोपी आपल्या धर्मग्रामांच्याही आसपास असतात. तेथील एखादी बाई मनाने खचली असेल, तर तिला वचन ऐकविण्याआधी तिच्याजवळ बसावे, तिचे नाव विचारावे, गरज असेल तर तिला डॉक्टरकडे न्यावे, तिचे मूल साखरशाळेत जाते की नाही हे पाहावे. शमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूने आरंभ पाण्यापासून केला होता. आशेची गोष्ट त्यानंतर निघाली.