बेंबळेचा मासा आणि पॅरिसचा वाद

१/८
यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुक्यात बेंबळा धरण आहे. अशा जलाशयातील मासा अगणित जिवाणूंनी भरलेल्या पाण्यात जन्मतो. त्याला लस कोणी टोचत नाही; तरीही तो जगतो. त्याच्या रक्तात पहारा कोणाचा? हे उत्तर एकोणिसाव्या शतकातील एका वादातून उलगडत गेले.

२/८
१८८२. सिसिलीतील मेसिना. इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. शरीरातील फिरत्या पेशी काट्याभोवती जमल्या. शरीराचे रक्षण भक्षक पेशी करतात, असा सिद्धान्त त्यांनी मांडला.

३/८
हान्स बुख्नर आदी जर्मन संशोधकांना तो पटला नाही. पेशी काढून टाकल्या तरी उरलेले रक्तद्रव जिवाणू मारते, हा त्यांचा पुरावा होता.

४/८
निर्णायक प्रयोग झाला तो मेचनिकॉफ यांच्याच पॅरिसमधील प्रयोगशाळेत! तरुण बेल्जियन संशोधक ज्यूल बोर्दे यांना १८९५ च्या सुमारास दिसले की, लस दिलेल्या प्राण्याचे रक्तद्रव ५५ अंश सेल्सिअसला तापवले की त्याची मारकशक्ती जाते. लस न दिलेल्या प्राण्याचे थोडे ताजे रक्तद्रव मिसळताच ती परतते.

५/८
म्हणजे घटक दोन. टिकाऊ प्रतिपिंड शत्रू ओळखते. उष्णतेने नासणारा, उपजत घटक त्याचा नाश करतो. पॉल एर्लिख यांनी या दुसऱ्याला ‘कॉम्प्लिमेंट’, म्हणजे पूरक, हे नाव दिले. बोर्दे १९१९ च्या नोबेलचे मानकरी ठरले.

६/८
मेचनिकॉफ यांचे आणखी एक शिष्य महाराष्ट्राला परिचित आहेत: वाल्देमार हाफकिन. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. लस शरीराला शत्रू ओळखायला शिकवते. पूरक प्रथिनांना अशा शिकवणीची गरज नसते.

७/८
ही उपजत व्यवस्था अतिप्राचीन आहे. जबडा नसलेल्या लॅम्प्रे माशात आपल्यासारखी प्रतिपिंडे नाहीत, पण ‘सी-३’ हे मुख्य पूरक प्रथिन आहे. कार्प आणि ट्राउट माशांत तर त्याचे अनेक प्रकार आढळतात. थंड पाण्यात प्रतिपिंडे तयार व्हायला माशाला कित्येक आठवडे लागतात. पूरक प्रथिने मात्र आधीच सज्ज असतात.

८/८
मग वाद कोणी जिंकला? दोघांनीही. सी-३ चा तुकडा जिवाणूला चिकटतो आणि भक्षक पेशींना जणू खूण पटते. त्याच साखळीतील पुढची प्रथिने जिवाणूच्या आवरणाला भोक पाडतात. माणसांनी ज्या दोन बाजूंवरून वर्षानुवर्षे भांडण केले, त्या माशाच्या रक्तात कोट्यवधी वर्षे एकत्र नांदत होत्या.