निरोप आणि निर्णय

राज्यकर्त्यांस प्रजेपर्यंत पोंचण्याचीं साधनें नेहमींच सांपडत आलीं; प्रजेला एकमेकांपर्यंत पोंचण्याचीं साधनें मात्र स्वतः शोधावीं लागलीं. पूर्वीं कोतवाल दवंडी पिटून सरकारी हुकूम गांवाला ऐकवी. हुकूम कानीं पडला कीं काम संपलें. त्यावर गांवाचें म्हणणें काय, हें विचारण्याची सोय तेथें नव्हती. आज व्हॉट्सॲप, फेसबुक आदि साधनांनीं राजकीय पक्ष व संस्था घरोघर पोंचत आहेत. तेव्हां तीच जुनी दवंडी नव्या वाद्यावर वाजत आहे काय, असा प्रश्न पडतो. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रांताच्या अलीकडील इतिहासांत त्याचें उत्तर सांपडण्यासारखें आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच सुमारास गोदावरीवरील इचंपल्ली व इंद्रावतीवरील भोपालपटनम या धरणांच्या योजनांनीं मोठें अरण्य आणि त्यांतील आदिवासी गांवें बुडण्याचें संकट उभें राहिलें. आनंदवनाचे बाबा आमटे आणि १९६२ सालीं चांद्याहून लोकसभेवर निवडून गेलेले लाल श्यामशहा यांच्या पुढाकारानें १९८४ सालीं ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालें. त्या काळीं रानांतील गांवाला निरोप जावयाचा तो माणसाबरोबर. तो उशिरां पोंचे खरा; पण आलेल्या माणसाला प्रश्न विचारतां येत, त्याच्याशीं वादहि घालतां येई. धरणांच्या त्या योजना पुढें बारगळल्या.

या चळवळीच्या वातावरणांतूनच धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) हें गोंडांचें लहानसें गांव पुढें आलें. ‘दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा सर्वश्रुत आहे. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासांत तेथें अभ्यासगट चालूं लागले. गटांत कायदा समजून घ्यावयाचा, शंका काढावयाच्या. निर्णय मात्र ग्रामसभेनें, आणि तोहि सर्वांच्या संमतीनें करावयाचा. बहुमतानें हात वर करून प्रश्न मिटविण्याची घाई या गांवानें केली नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबू विकण्याचा अधिकार तरीहि अडून राहिला होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं गांवीं येऊन वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हवालीं केलें. इतकी वर्षें हा आग्रह टिकला, कारण तो गांवांतील प्रत्येकाचा स्वतःचा निर्णय होता.

नव्या साधनांनींहि या मुलुखाला कांहीं दिलें आहे, हें नाकारतां येणार नाहीं. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेंत २९ लाखांहून अधिक होते. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत त्या भाषेला स्थान नाहीं. २०१० सालीं शुभ्रांशु चौधरी या पत्रकारानें शेजारच्या छत्तीसगडांत ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलें. साध्या फोनवरून गोंडींत किंवा हिंदींत आपलें गाऱ्हाणें सांगावें आणि इतरांनीं तें फोनवरच ऐकावें, अशी ही योजना. अक्षरओळख नसलेल्यालाहि तेथें बोलतां आलें. गाऱ्हाण्याबरोबर पुष्कळदां अधिकाऱ्याचा क्रमांक दिलेला असे, आणि दूरचे श्रोते त्याला फोन करून जाब विचारीत. येथें दवंडी उलटी फिरली. गांव बोलूं लागलें आणि अधिकाऱ्याला ऐकावें लागलें.

परंतु त्याच फोनचें दुसरें रूपहि महाराष्ट्रानें पाहिलें आहे. मुलें पळविणाऱ्या टोळीची अफवा फोनाफोनीं पसरली, आणि १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें भटक्या समाजांतील पांच निरपराध माणसांना जमावानें ठार मारलें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांपुढें धाडतां येऊं नये, असा निर्बंध आणला. पण ‘हें खरें कशावरून?’ असें विचारणारा शेजारी कोणत्याहि निर्बंधानें निर्माण होत नसतो.

आपण शहरवासी संस्थेच्या वा सोसायटीच्या समूहावर ठराव टाकतों, दहा-बारा अंगठे उमटतात आणि सर्वांची संमति मिळाली असें मानतों. जे गप्प राहिले त्यांचें काय म्हणणें होतें, हें कोणी विचारीत नाहीं. निरोप फोननें खुशाल जावा. निर्णयासाठीं मात्र एकत्र बसून शेवटची शंका ऐकून घ्यावी, एवढा धडा मेंढ्यापासून आपणहि घ्यावयास हवा.