मायना आणि मजकूर : मराठी पत्रव्यवहाराची रीत

मराठी पत्रलेखनाची शिस्त सांगणाऱ्या जुन्या लेखनास ‘मेस्तक’ म्हणतात. देवगिरीच्या यादवांच्या पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे राजकीय लेखनखात्याचा प्रमुख असलेल्या हेमाद्रीकडे परंपरा त्याचे कर्तृत्व देते. कोणी कोणास कोणत्या शब्दांत लिहावे, याचे नमुने अशा लेखनात दिलेले असत.

शिवकाळात आणि पेशवाईत ही रीत चिटणिसांच्या, म्हणजे पत्रे लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती रुळली. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’, त्याखाली नाते व दर्जा दाखवणारा मायना, मग क्षेमकुशल आणि ‘विशेष’ या शब्दानंतर मुख्य मजकूर असा क्रम असे. वडिलांना तीर्थरूप, मुलास चिरंजीव, बरोबरीच्यास राजश्री असे लिहिले जाई; धाकट्याने नमस्कारपूर्वक विज्ञापना करावी आणि थोरल्याने आशीर्वाद द्यावा, हेही ठरलेले होते. शिवाजी महाराजांच्या पत्रांत मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब, म्हणजे समाप्तीची मुद्रा उठवली जाई, त्यामुळे मागाहून कोणास ओळ घुसडता येत नसे.

या साचेबंदपणाचा उपयोग केवळ शोभेचा नव्हता. मान देण्याचे काम मायन्याने आधीच उरकल्यामुळे मजकुरात थकलेल्या वसुलाचा तगादा लावता येई किंवा कसुरीबद्दल कानउघाडणी करता येई, आणि तरीही व्यवहार तुटत नसे. मात्र हीच रीत समाजातील उच्चनीचता प्रत्येक कागदावर नव्याने नोंदवीत होती. स्त्रीला सौभाग्यवती लिहावे की गंगा भागीरथी, हे तिचा पती हयात आहे की नाही यावरून ठरे.

इंग्रजी अमलात टपाल सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले, आणि 1879 साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाल्यावर लिहिण्यास जागा थोडी उरली. ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, यांसारखी संक्षिप्त रूपे अशा कार्डावर सोयीची ठरली आणि शाळेतील पत्रलेखनाच्या धड्यांतूनही पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. त्यांतील दर्जाचे बारकावे पुढे पुसट झाले. परंतु आधी नाते मान्य करावे आणि मग स्पष्ट बोलावे, हा त्यामागील व्यवहारी विचार मराठी पत्रात टिकून राहिला.