न झालेल्या लढती

रविवारी दुपारची जेवणे आटोपली, की आमच्या मामांच्या ओट्यावर एक ठरलेला वाद रंगायचा. मामा रेल्वेत फिटर होते. तरुणपणी वर्कशॉपच्या संघातून मुष्टियुद्ध खेळलेले. घरातल्या लोखंडी कपाटावर त्यांचा एक पितळी कप होता. दिवाळीला तो चिंचेने घासून लख्ख व्हायचा आणि पुन्हा वर जायचा. शेजारचे चार-पाच जण जमले, चहा आला, की कुणीतरी काडी टाकायचे : जो लुई आणि मुहम्मद अली समोरासमोर आले असते तर?

मग काय विचारता! कुणी लुईच्या उजव्या हाताची बाजू घ्यायचे, कुणी अलीच्या पायांची. मामा बराच वेळ ऐकून घेत आणि शेवटी विचारत, ‘‘अरे, पण अली कुठल्या सालचा? ते आधी सांगा.’’ प्रश्न साधा वाटतो, पण वादाचे सगळे मर्म त्यात आहे. लष्करभरतीला नकार दिला म्हणून 1967मध्ये अलीचे विजेतेपद आणि परवाना काढून घेतला गेला. ऑक्टोबर 1970पर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षे, त्याला रिंगणात उतरता आले नाही. बंदीपूर्वीचा अली हाती लागत नसे. नंतरचा अली मार खाऊन जिंकायला शिकला होता. एकाच माणसाचे हे दोन मुष्टियोद्धे. त्यांच्यातच लढत लावली असती तरी वाद झाला असता.

असे वाद आपल्याला नवे नाहीत. तालमीच्या कट्ट्यावर गामा आणि अमेरिकेचा फ्रँक गॉच यांची कुस्ती अनेकांनी तोंडी लावली आहे. गावसकरांनी आजच्या गोलंदाजांना कसे खेळून काढले असते, यावर लोकलचे अख्खे डबे भांडले आहेत. पण मुष्टियुद्धात या वादाला वेगळीच धार असते. इथे संघ नाही, खेळपट्टी नाही. दोनच माणसे, दोन जोडी हात. त्यामुळे निकाल लावणे सोपे आहे, असे उगीचच वाटते.

एकदा तर हा निकाल यंत्राकडून लावून घेण्यात आला आणि तोही रेडिओवर. आज मी रेडिओवरूनच बोलतो आहे, तेव्हा ती हकिकत सांगायलाच हवी.

1967 साली मायामीतील मरे वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्याने इतिहासातले सोळा हेवीवेट मुष्टियोद्धे निवडून एक काल्पनिक स्पर्धा भरवली. जाणकारांना प्रश्नावल्या पाठवल्या, जुन्या लढतींच्या नोंदी जमवल्या आणि सगळा मजकूर संगणकाला भरवला. तो सांगेल त्याप्रमाणे ठोशामागून ठोसा असे धावते समालोचन तयार झाले. प्रेक्षकांचा गलका, घंटेचा आवाज, सगळे खऱ्यासारखे. अंतिम लढतीत रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवले. आणि अली? तो जिम जेफ्रीजकडून हरला.

अलीला हे इतके झोंबले, की त्याने अब्रूनुकसानीबद्दल दहा लाख डॉलरचा दावा लावला. खऱ्या रिंगणाची दारे बंद, आणि खोट्या रिंगणात पराभव! दावा तडजोडीने मिटला तो असा, की अली आणि मार्सियानो यांनी एक चित्रपट करावा. मार्सियानो 1956मध्ये निवृत्त झालेला. 49 लढती, 49 विजय. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने वजन उतरवले, डोक्यावर केसांचा टोप चढवला आणि 1969मध्ये मायामीच्या एका स्टुडिओत दोघांनी एकेक मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या कॅमेऱ्यासमोर लढल्या. शेवट निरनिराळे चित्रित झाले. कोणता वापरणार, ते दोघांनाही माहीत नव्हते. मार्सियानोला ते कधी कळलेच नाही. 31 ऑगस्ट 1969 रोजी विमान अपघातात तो गेला. जानेवारी 1970मध्ये चित्रपट लागला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना दाखवले, की तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला लोळवले. युरोपात मात्र अली जिंकल्याचाही शेवट दाखवला गेला. यंत्राचा निकालही गाव बघून बदलत होता म्हणायचा!

हे ऐकून आपण हसतो. पण मला नेहमी खटकत आला आहे तो दुसराच निकाल. अली जेफ्रीजकडून हरला, तो का? जेफ्रीज बलदंड होता, यात शंका नाही. 1899मध्ये तो जगज्जेता झाला आणि 1905मध्ये अपराजित राहून निवृत्त झाला. यंत्राच्या पुढ्यात हीच नोंद आली असणार : अपराजित. ती नोंद कशी तयार झाली, हे यंत्राला कोण सांगणार?

विजेतेपद हाती आल्यावर जेफ्रीजने कृष्णवर्णीय आव्हानवीराशी ते पणाला लावायला नकार दिला होता. त्या काळी याला ‘कलर लाइन’ म्हणत, म्हणजे वर्णाची रेघ. रेघेच्या पलीकडे जॅक जॉन्सन उभा होता, आणि तो कमी प्रतीचा नव्हता. पुढे 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जॉन्सन जगज्जेता झाला, तेव्हा गोऱ्या अमेरिकेने जेफ्रीजला त्याच्या शेतावरून उठवून आणले. मणभर वजन उतरवून तो 4 जुलै 1910 रोजी रीनो शहरात रिंगणात आला आणि पंधराव्या फेरीत कोसळला. त्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली झाल्या, माणसे मारली गेली. लढतीच्या चित्रफितीवर अनेक ठिकाणी बंदी आली आणि 1912मध्ये तर मुष्टियुद्धाच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्ध कायदाच झाला. झालेली लढतही लोकांनी पाहू नये, असा हा बंदोबस्त!

तेव्हा जेफ्रीज आणि जॉन्सन यांची लढत झाली, पण उशिरा झाली. 1904 साली दोघेही उमेदीत असताना ती झाली असती तर? हा प्रश्न आणि लुई-अलीचा प्रश्न वरवर सारखेच दिसतात. पण लुई आणि अली यांच्या मध्ये काळ उभा होता. त्याला कुणाचा इलाज नाही. जेफ्रीज आणि जॉन्सन यांच्या मध्ये माणसे उभी होती.

आता जॉन्सनचीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात जन्मलेला सॅम लँगफर्ड हा त्याच काळातला मुष्टियोद्धा. उंची जेमतेम पाच फूट सात इंच, पण लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंत सगळ्यांशी भिडलेला. एप्रिल 1906मध्ये मॅसॅच्युसेट्समधील चेल्सी येथे जॉन्सनने त्याला पंधरा फेऱ्यांत हरवले. जॉन्सन त्याच्यापेक्षा सुमारे तेरा किलोंनी जड होता. लँगफर्डने त्या दिवशी जॉन्सनला खाली पाडले होते, अशी आख्यायिका पुढे पसरली. त्या वेळच्या वृत्तांतात तिला आधार मिळत नाही आणि तिची गरजही नाही. खरी गोष्ट एवढीच, की पुढे लँगफर्ड अंगाने भरला, भल्याभल्यांना भारी पडू लागला; पण जगज्जेता जॉन्सनने त्याला पुन्हा संधी दिली नाही. दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला तिकिटे खपत नाहीत, हा व्यवहार त्यामागे होता आणि जोखीमही होती. जॉन्सनने विजेतेपद पणाला लावून एकाच कृष्णवर्णीयाशी लढत दिली, ती 1913मध्ये पॅरिसला, आणि समोर लँगफर्ड नव्हता.

मग लँगफर्डने काय करावे? तो आपल्यासारख्याच अडलेल्यांशी पुन्हा पुन्हा लढत राहिला. जो जिनेट, सॅम मॅकव्हे, हॅरी विल्स. एकट्या विल्सशीच त्याच्या पंधरापेक्षा अधिक लढती झाल्या. एक डोळा गेला तरी तो थांबला नाही, कारण पोट थांबत नव्हते. 1944 साली अल् लेनी नावाचा पत्रकार त्याचा शोध घेत न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत पोहोचला, तेव्हा लँगफर्ड एका खोलीत, पूर्ण आंधळा, कफल्लक अवस्थेत बसलेला होता. लेख छापून आला आणि लोकांनी मदतनिधी उभा केला. 1956मध्ये लँगफर्ड वारला.

1915मध्ये जॉन्सन हरला आणि रेघ पुन्हा ठळक झाली. 1919 ते 1926 जॅक डेम्प्सी जगज्जेता होता. हॅरी विल्स वर्षानुवर्षे त्याचे दार ठोठावत राहिला. 1925मध्ये करार झाला, पण लढत काही झाली नाही. त्या काळचा सर्वांत मोठा आयोजक टेक्स रिकार्ड हाच रीनोच्या लढतीचा पंच होता. नंतरच्या दंगली त्याने पाहिल्या होत्या. तसली लढत त्याला पुन्हा नको होती. न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध आयोगाने डेम्प्सीने आधी विल्सशी लढावे, असा आग्रह धरला, तेव्हा डेम्प्सी-टनी लढत फिलाडेल्फियाला नेण्यात आली. 1915नंतर हेवीवेट विजेतेपदासाठी कृष्णवर्णीयाला संधी मिळाली ती थेट 22 जून 1937 रोजी, जो लुईला. मधली बावीस वर्षे कितीजणांच्या उमेदीची वर्षे होती, ते मोजायला यंत्र कशाला हवे?

हे सगळे मी मामांना एकदा वाचून दाखवले. ते थकले होते तेव्हा. ओट्यावरची मंडळीही एकेक करून गेली होती. मामा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘‘तो कप काढ रे खाली.’’

मी काढला. त्यांनी तो मांडीवर घेतला. त्या वर्षी कॉलनीच्या स्पर्धेत ते एकही लढत न हरता जिंकले होते, हे मला पाठ होते. त्या दिवशी प्रथमच त्यांनी पुढचे सांगितले. सफाई कामगारांच्या चाळीत एक पोरगा होता. डाव्या हाताचा. कोळशाच्या वखारीमागे पोत्यावर सराव करायचा. त्याने स्पर्धेत नाव द्यायला अर्ज केला, तेव्हा आमच्या पोरांनी त्याच्याशी हातमोजे लावायला नकार दिला. कुणाच्या घरून निरोप आला, कुणाच्या अंगात ताप भरला. अर्ज मागे पडला. ‘‘मलाही ताप आला होता,’’ मामा म्हणाले. ‘‘खोटा.’’

मी विचारले, ‘‘तुम्ही हरला असता का, मामा?’’

‘‘तेच तर कळायला मार्ग ठेवला नाही ना आम्ही,’’ ते म्हणाले. ‘‘त्यालाही नाही आणि मलाही नाही.’’

ओट्यावरच्या इतक्या वादांत लुई आला, अली आला, पण तो पोरगा कधी आला नव्हता. मामांना त्याचे नाव मात्र आठवत होते.

आज मामा नाहीत. कप माझ्याकडे आहे. हे वाद मी सोडलेले नाहीत. खेळावर जीव असलेला माणूस असे वाद घालणारच, आणि लुई-अलीचा निकाल कधी लागू नये, त्यातच मजा आहे. फक्त ‘अमुक आणि तमुक लढले असते तर’ असे कुणी म्हटले, की मी मामांसारखाच आधी एक प्रश्न विचारतो. त्यांचा प्रश्न होता, अली कुठल्या सालचा? माझा असतो, ही लढत झाली का नाही? दोघांच्या जन्मसालांत अंतर होते म्हणून, असे उत्तर आले तर चहा मागवावा आणि खुशाल भांडावे. दुसरे काही उत्तर आले, तर ज्याला उतरू दिले नाही त्याचे नाव आधी घ्यावे आणि मग वादाला बसावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)