शस्त्रापूर्वीची रात्र

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. हाटकेशच्या उद्योगनगरातील गाळ्यांची खडखड केव्हाच थांबली होती. घरात सगळे निजले होते; मी मात्र खिडकीशी जागा होतो. सकाळी सात वाजता रुग्णालयात हजर व्हायचे होते. माझ्या छातीवर शस्त्रक्रिया होणार होती.

छाती म्हटले की वाचकांना हृदय आठवेल. शेजाऱ्यांनाही तेच आठवले, आणि मी त्यांचा समज तसाच राहू दिला. खरा प्रकार निराळा होता. तेराव्या वर्षी माझी छाती मुलींसारखी भरू लागली. अशी वाढ पुष्कळ मुलांना होते आणि बहुधा दोनेक वर्षांत ओसरते. माझी ओसरली नाही. तेव्हापासून नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने तेलाची वाटी पुढे केली की मी ती घेई आणि न्हाणीघराला आतून कडी लावी. सत्तावीस वर्षे माझे अभ्यंगस्नान असे कडीआड झाले. चाळिशीत एकदाचा धीर करून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासले, चालू औषधांची चौकशी केली आणि ही वाढ आता कापूनच काढावी लागेल असे सांगितले. मी होकार दिला. पण तारीख ठरली आणि झोप उडाली.

मी शाळेत इतिहास शिकवतो. भीती वाटू लागली की जुन्या माणसांकडे जायचे ही माझी खोड. माझ्याआधी असे कोण कोण जागले असतील, याचा त्या रात्री विचार करीत बसलो.

पहिली गाठ पडली ती सातव्या शतकातील एजिनाच्या पॉल या ग्रीक वैद्याशी. पुरुषाची वाढलेली छाती कशी उतरवावी, हे त्याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे: खालच्या बाजूस चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, आतली चरबी काढावी आणि टाके घालावेत. या व्यंगामुळे बायकीपणाचा बोल लागतो, म्हणून त्यावर उपाय करणे योग्य, असेही तो म्हणतो. म्हणजे माझी लाज तेराशे वर्षांपूर्वीच एका वैद्याने ओळखली होती! 'हे सारे नटण्यासाठीच ना?' हा जो प्रश्न मला आतून टोचत होता, त्याचा काटा तिथेच बोथट झाला.

दुसरा भेटला आपल्या पुण्याजवळचा. कावसजी हा इंग्रजी फौजेतला गाडीवान. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. त्याने मेणाचा नमुना करून कपाळावर पसरला, त्या मापाची कातडी सोडवली आणि भुवयांमधला देठ तसाच ठेवून ती खाली वळवून बसवली. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिले. 1794 मध्ये लंडनच्या मासिकात त्याची हकीकत छापून आली, आणि 1814 मध्ये तिथल्या कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने तीच रीत वापरली. भुलीचे औषध यायला तेव्हा अजून अर्धे शतक अवकाश होता. कावसजी जागेपणी निजून राहिला, कारण नाक म्हणजे नुसते नाक नव्हे. चारचौघांत मान वर करून फिरणे होय.

तरीही छातीतली धडधड थांबेना. मग आठवली 12 जानेवारी 1924 ची रात्र. येरवड्याचे कैदी गांधीजी आंत्रपुच्छाच्या दुखण्याने पुण्याच्या ससून रुग्णालयात होते. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी संमतीच्या पत्रावर पेन्सिलीने सही केली. हात कापत होता. तो त्यांनी लपवला नाही. उलट कर्नल मॅडॉक यांना हसत दाखवला आणि हेही तुम्हालाच ठीक करावे लागेल म्हणाले. मॅडॉकनीही भरपूर ताकद देण्याचे आश्वासन दिले. पुढे मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले.

साम्राज्यापुढे न कापणारा हात तिथे कापला, आणि त्या माणसाने तसे सांगितले! मी मात्र सत्तावीस वर्षे कडी लावून बसलो होतो. भीती कोंडली की वाढते. बोलली की ती दोघांत वाटली जाते.

सकाळी परिचारिकेने कागद पुढे केला, "काका, इथे सही करा." माझी सही नागमोडी आली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "भीती वाटते का?"

"फार वाटते," मी म्हणालो.

त्या शेजारी बसल्या. उपाशी का ठेवले, नाडी आणि श्वास कोण पाहणार, जाग कुठे येईल, हे सगळे त्यांनी सांगितले. मी तीन प्रश्न विचारले. भीती गेली नाही; पण तिला सोबत मिळाली. पुढचे काही आठवत नाही. जाग आली तेव्हा छातीभोवती घट्ट बंडी होती. ती कित्येक आठवडे वागवावी लागली.

परवा आई दिवाळीचे तेल-उटणे काढून ठेवीत होती. मी म्हणालो, "आई, यंदा पाठीला आणि छातीला तेल तूच लाव."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग वाटी पुशीत म्हणाली, "बरं. कोमट करून ठेवते."