भिंती नसलेली शाळा : फिलाडेल्फिया, १९६९

१/ आज महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येकाला 'श्रेयांक' हा शब्द पाठ झाला आहे. त्यामागचे माप मात्र जन्मले ते निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने १९०५ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. लाभ कोणत्या महाविद्यालयांना द्यायचा, हे ठरवताना कार्नेगी प्रतिष्ठानाने अट घातली : प्रवेशासाठी माध्यमिक शाळेची १४ 'युनिटे' हवीत. एक युनिट म्हणजे एका विषयाचे १२० तास.

२/ प्राध्यापकांच्या म्हातारपणाची सोय लागली आणि मुलांचे शिक्षण घड्याळाने मोजले जाऊ लागले. मग बाक सोडून गावात, कामावर जे शिकले जाते, ते कोणत्या मापाने मोजायचे? साठ वर्षांनी एका शहराने या प्रश्नाला हात घातला.

३/ १७ नोव्हेंबर १९६७. फिलाडेल्फियातील सुमारे ३,५०० कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्ग सोडून शिक्षण मंडळाच्या इमारतीसमोर जमले. आपला इतिहास अभ्यासक्रमात असावा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. आत शिक्षण अधीक्षक मार्क शेड त्यांच्या प्रतिनिधींशी बोलत होते; बाहेर पोलीस आयुक्त फ्रँक रिझो यांच्या शिपायांनी मुलांवर लाठ्या चालवल्या. शेड आणि रिझो ही दोन्ही नावे लक्षात ठेवावीत.

४/ फेब्रुवारी १९६९ मध्ये शेड यांच्याच कारकिर्दीत 'पार्कवे प्रोग्रॅम' सुरू झाला. मोर्चातून शाळा जन्मली, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल. नव्या इमारतीचा खर्च वाचेल, हा व्यवहारी विचारही त्यामागे होता. बेंजामिन फ्रँकलिन पार्कवे या रुंद रस्त्यालगत कलासंग्रहालय, विज्ञानाची फ्रँकलिन इन्स्टिट्यूट आणि सार्वजनिक ग्रंथालय होते. जागा आहेत, जाणकारही आहेत, मग शाळा वेगळी कशाला बांधायची?

५/ पहिले संचालक जॉन ब्रेमर मूळचे इंग्लंडचे. सुमारे दीडशे विद्यार्थ्यांनी आरंभ झाला. ते गुण पाहून निवडलेले नव्हते : शहराच्या आठही शालेय विभागांतून चिठ्ठ्या टाकून निवड झाली. त्यामुळे गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांतील मुले एकाच गटात आली. पार्कवेची सर्वांत धाडसी गोष्ट बहुधा हीच. पुढे ५०० जागांसाठी १०,००० अर्ज आल्याची नोंद आहे.

६/ दिवस शहरभर विखुरलेला असे. कोणी संग्रहालयात, कोणी वृत्तपत्राच्या कचेरीत, कोणी मोटारींच्या गॅरेजमध्ये शिकत असे. पंधरा-सोळा मुलांचा एक गट शिक्षकाजवळ नियमित जमे. भाषा आणि गणिताची कच्ची बाजू तेथे सावरायची. अंकांत गुण नव्हते. उत्तीर्ण झाल्याची नोंद आणि सोबत लेखी वर्णन, एवढेच.

७/ खरी अडचण येथेच होती. शालान्त पदविकेसाठी राज्याने ठरवलेले विषय या मुलांनाही चुकत नव्हते. गॅरेजमधली सकाळ असो की संग्रहालयातली दुपार, शेवटी ती इंग्रजी, गणित, विज्ञान अशा कुठल्यातरी रकान्यात बसवावी लागे. शाळेच्या भिंती पाडता आल्या; नोंदवहीचे रकाने तसेच राहिले. तरीही रकान्यांशी केलेली ही तडजोड टाळता येण्याजोगी नव्हती. श्रेयांकच नसता, तर मुलांनी केलेले काम फुकटची मजुरी ठरले असते आणि पुढच्या शिक्षणाचे दार बंद झाले असते.

८/ ब्रेमर १९७० मध्येच पायउतार झाले. १९७१ मध्ये रिझो महापौरपदाच्या निवडणुकीत उतरले, ते शेड यांना घालवण्याचे आश्वासन देऊन. ते जिंकले. त्याच वर्षाअखेर शेड यांनी पद सोडले.

९/ कल्पना तोवर शहराबाहेर पोहोचली होती. १९७० मध्ये शिकागोत 'मेट्रो हायस्कूल' निघाले, १९७१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये 'स्कूल विदाउट वॉल्स', तर १९७२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये 'सिटी-अ‍ॅज-स्कूल'. न्यू यॉर्कच्या शाळेत विद्यार्थी आजही शहरातील संस्थांमध्ये उमेदवारी करून शालेय श्रेयांक मिळवतात. पार्कवे हे नाव मिरवणाऱ्या शाळा फिलाडेल्फियातही आहेत. आता मात्र त्यांना स्वतःच्या इमारती आहेत.