गुड 'इन' की गुड 'अॅट'?

आमच्या करावे गावात हल्ली इंग्रजी घरोघरी ऐकू येते, पण 'गुड इन मॅथ्स' काही जात नाही.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठी व्याकरण छापले. तेव्हापासून शाळेत विभक्ती घोकल्या जात आहेत. आपण गणितात हुशार असतो. इंग्रज 'गुड अॅट'. आपण कोणावर रागावतो. तो 'अँग्री विथ'. आपले लग्न कोणाशी तरी होते. तो 'मॅरिड टू'. 'सीनियर'पुढे तर 'दॅन'ही चालत नाही, 'टू' लागते, कारण हा शब्द लॅटिनमधून तुलनेचे रूप घेऊनच आला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत लांबवले गेले. 2000 साली महाराष्ट्राने ते पहिलीत आणले. सुरुवात कधीही होवो, चूक तीच राहिली. उशिरा शिकवणे हे तिचे कारण नव्हेच. मूल 'अँग्री ऑन मी' म्हणते, तेव्हा त्याच्या डोक्यातले मराठी व्याकरण अगदी बिनचूक चाललेले असते.

म्हणून त्याला हसू नये. हसलेले मूल गप्प बसते आणि गप्प बसलेल्याला कुठलीच भाषा येत नाही. विशेषण आणि त्याचे अव्यय जोडीने पाठ करून घ्यावे, पाढ्यासारखे.